वीतभर जास्त

खिळ्या जिना चढायला लागला तेव्हा वरच्या खोलीतली दुपारची जेवणं उरकली होती. ही वेळ त्याने मुद्दाम साधली होती. जेवणाआधी गेलं असतं तर समोर ताट आलं असतं, आणि सासुरवाडीचा घास गिळल्यावर त्याच माणसांपुढे हात पसरायचा धीर त्याला झाला नसता. वाटभर त्याने काय बोलायचं ते घोकलं होतं. पहिल्याच पायरीवर त्यातलं निम्मं विसरलं. उरलेलं निम्मं जिन्याच्या वळणावर गेलं, कारण वरून थोरल्या मेहुण्याचा, दादाचा, आवाज ऐकू आला.

खाली दुकान आणि वर घर, अशी या कुटुंबाची तीन पिढ्यांची मांडणी होती. दुकान खुर्च्या-सोफ्यांचं. जुनं कापड फाडायचं, आतले पट्टे आणि स्प्रिंगा बदलायच्या, नवं अंग चढवायचं. खिळ्या इथे कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने अलगद उचलायचा आणि ठोकायचा, हे तंत्र त्याने इतक्या झटपट उचललं की त्याचं खरं नाव सगळे विसरून गेले. तोंडात खिळे असलेला माणूस बोलत नाही. पुढेपुढे खिळे नसले तरी तो बोलेना. दुकानाच्या मालकांच्या, म्हणजे मास्तरांच्या, धाकट्या मुलीशी लग्नही त्याने जवळजवळ न बोलताच जमवलं. बोलायचं सगळं तिनेच पाहिलं.

कामात तो चुकायचा कमी. पण पहिल्या वर्षातली एक चूक घरात अजून सांगितली जायची. एका बाळाच्या पलंगाची गादी त्याने फुटपट्टी लावून अगदी काटेकोर मापाची शिवली होती. मास्तरांनी ती सगळ्यांसमोर उसवायला लावली. "पोर म्हणजे काय कपाट आहे, मापात बसवायला?" ते म्हणाले होते. "पोर वाढतं. पोराच्या गादीला वीतभर जास्त ठेवायची. या दुकानात असंच चालतं." त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने दादा हसला होता, आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून गादी पुन्हा शिवायलाही दादाच होता.

तो दादा आता त्याच्याशी बोलत नव्हता. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम अर्ध्यावर असताना खिळ्याने दुकान सोडलं आणि तयार सोफ्यांच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हापासून. त्याची मुलगी खारू तेव्हा रांगत होती आणि कारखान्यात पगार वेळेवर मिळायचा, एवढंच त्यामागचं कारण. उरलेल्या खुर्च्या दादाने एकट्याने ओढल्या आणि त्यात त्याची पाठ गेली ती गेलीच. तेव्हापासून दादा खिळ्याशी बोलायचं झालं तर भिंतीशी बोलायचा, नाहीतर बायकोशी, म्हणजे वहिनीशी.

"या भावजी," वहिनी म्हणाली. टेबल पुसता पुसता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "उभे का? बसा ना."

या खोलीत बसायला कधी तोटा नव्हता. लोक खुर्च्या दुरुस्तीला टाकून जात आणि न्यायला विसरत. वर्षं उलटली की त्या खुर्च्या वर यायच्या. त्यामुळे इथल्या दोन खुर्च्या एकमेकींसारख्या नव्हत्या आणि प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती. उंच पाठीच्या खुर्चीत मास्तर, म्हणजे म्हातारे सासरे. फिरत्या खुर्चीत मधला मेहुणा. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता, पण वाद घालायची हौस दांडगी, म्हणून त्याला घरात वकील म्हणत. खिडकीपाशी दादाची खुर्ची. ती मात्र कोणाची विसरलेली नव्हती. दुखऱ्या पाठीसाठी त्याने ती स्वतः भरली होती, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या स्प्रिंगा घालून. दादा तीत पाठमोरा बसला होता आणि रस्ता पाहत होता.

खिळ्या दाराजवळच्या बाकावर टेकला.

"धाकटी नाही आली?"

"खारूजवळ आहे."

"तुम्ही इथे आलाय, हे तिला माहीत आहे?"

खिळ्याने बाकाच्या कडेचा एक खिळा अंगठ्याने दाबून पाहिला.

"म्हणजे नाही," वहिनी म्हणाली आणि फडकं झटकून समोर बसली. नणंदेचा ताठा तिला चांगला ठाऊक होता. माहेरच्यांना पोरीचं दुखणं कळवलं होतं धाकटीने, पण तेही हवापाण्याची बातमी द्यावी तसं. भेटायला येऊ का म्हटलं तर, डॉक्टरांनी माणसं येऊ देऊ नका म्हणून सांगितलंय, असं म्हणून फोन ठेवला होता.

"मला गाडीभाड्याला पैसे हवेत," खिळ्या म्हणाला.

घोकलेल्या भाषणात हे वाक्य शेवटी होतं. आता ते पहिलं आलं आणि पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. मग वहिनीने एकेक प्रश्न विचारत त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. खारूच्या गुडघ्याच्या वरच्या हाडात गाठ होती, कॅन्सरची. शस्त्रक्रिया झाली होती. आता दर तीन आठवड्यांनी नळीतून औषध द्यायचं होतं. औषधाचे आणि खाटेचे पैसे इस्पितळ घेत नव्हतं. पण इस्पितळ होतं दुसऱ्या शहरात, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सुरुवातीला बसने नेलं. आता पाय पट्ट्यांत सरळ बांधलेला, बसच्या सीटवर तो मावत नाही. आणि औषधाने रक्त इतकं उतरलेलं की शेजारी कोणी खोकलं तरी पोरीला महागात पडायचं. म्हणून आख्खी गाडी करावी लागते. त्याची मोटरसायकल विकून झाली होती. कारखान्याने उचल दिली, तीही संपली.

"मागची फेरी आठ दिवस लांबली," खिळ्या म्हणाला. "गाडीचं जमलं नाही म्हणून. डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, असं मध्ये मध्ये थांबलात तर आधी दिलेलं पाण्यात जाईल. परवा सकाळी पुढची आहे."

"अरे, मग इतके दिवस गप्प का बसलास?" वकील खुर्चीसकट त्याच्याकडे वळला. "जावईबापू, घरचं पोर आहे. यात विचारायचं काय असतं? मी तर म्हणतो सगळ्यांनी मिळून उचलू. एक फेरी म्हणजे काय मोठी गोष्ट."

"एक नाही. वर्षभर चालेल," खिळ्या म्हणाला.

वकिलाने कप खाली ठेवला. खुर्ची हळूहळू टेबलाकडे परत वळली.

"वर्षभर म्हणजे विचार करून केलं पाहिजे," तो म्हणाला. "इस्पितळाकडे काहीतरी सोय असणार. तू विचारलं नसशील. तुझा स्वभावच तसा. आणि कारखाना एवढा मोठा आहे, त्यांनी नको का बघायला? शेवटी तू त्यांचा माणूस. आमचा कुठे राहिलास?"

हे बोलणं येणार हे खिळ्याला माहीत होतं. फक्त ते दादाकडून येईल असं त्याला वाटलं होतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. दादाची मान हललीसुद्धा नाही.

"हसते का रे ती?" मास्तरांनी मध्येच विचारलं.

"अं?"

"खारू. हसते का?"

"हसते," खिळ्या म्हणाला. "केस गेले तेव्हा आईला म्हणाली, आता शाळेत वेणीवरून ओरडा बसणार नाही."

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. वहिनीने मान खाली घातली.

तेवढ्यात खिडकीकडून दादाचा आवाज आला. "त्याला विचार, पाय अगदी सरळच ठेवावा लागतो की थोडा वाकतो."

वहिनी नवऱ्याकडे आणि मग खिळ्याकडे पाहू लागली. "ऐकलंत ना?"

"सरळच," खिळ्या म्हणाला. वहिनीकडे बघून, कारण रीतच तशी पडली होती.

"झोपते कशी? पाठीवर का कुशीवर?"

"पाठीवर. कधी डाव्या कुशीवर, मध्ये उशी ठेवून."

"टाच टेकली तर दुखतं?"

"दुखतं. धक्का बसला की जास्त. रस्त्यात खड्डा आला की ती ओठ चावते, पण रडत नाही."

"उंची विचार."

खिळ्याने उंची सांगितली. हे प्रश्न त्याच्या ओळखीचे होते. गिऱ्हाईक जुनी खुर्ची घेऊन यायचं, तेव्हा दादा अशीच खुर्ची उलटीपालटी करायचा. कुठे कुरकुरतं, किती दबतं, लाकूड कुठवर किडलंय. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, ते आधी पाहायचं. आणि कधीकधी सगळं पाहून झाल्यावर तो हात पुसायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, यात आता जीव नाही, घेऊन जा.

"डॉक्टर काय म्हणतात विचार. बरी होईल का?"

खिळ्या उठून उभा राहिला. "ती खुर्ची नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज या घरात कोणी एवढा मोठा ऐकला नव्हता. "दादाला सांगा वहिनी. बरी होईल की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही. होईल असं धरून चाललोय आम्ही. दुसरं काय धरायचं?"

दादा उठला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, आणि मग एक विचित्र गोष्ट केली. आपली खुर्ची तिरकी केली आणि ओढत दाराकडे नेली. कोणी मदतीला उठायच्या आत ती जिन्यावर पोचली होती. मग पायरीपायरीवर ती आपटत खाली गेल्याचा आवाज येत राहिला.

"बघ," वकील म्हणाला. "खुर्चीसुद्धा घेऊन गेला. मिळालं उत्तर?"

"तुम्ही गप्प बसा हो वकीलभावजी," वहिनी म्हणाली.

"मी काय केलं? खरं तेच बोललो. भर कामात टाकून गेला हा. दादाची पाठ काय उगाच गेली?"

"नाट्यगृहाच्या खुर्च्या अडल्या होत्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?" वहिनीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "या भावजींनी निदान जातोय म्हणून तोंडावर सांगितलं. तुम्हाला नेमका तेव्हा ताप आला. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी उतरला."

वकील खुर्चीसकट भिंतीकडे वळला. खिळ्याला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं ही बाई आपल्यावर डूख धरून आहे असं तो समजत होता, आणि खरोखर ती धरूनच होती. नवऱ्याच्या पाठीला रोज तेल चोळणाऱ्या बाईने धरू नये तर कोणी धरावं? पण आज कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तिने ठरवलं होतं.

ती आत गेली आणि एक जुनं पाकीट घेऊन आली. "माझे आहेत. दुकानाचे नाहीत. परवाची फेरी तरी होईल. पुढचं पुढे बघू."

घोकलेल्या भाषणात यालाही एक उत्तर होतं, नम्र आणि लांबलचक. खिळ्याने ते दिलं नाही. सरळ हात पुढे करून पाकीट घेतलं. घेताना लाज वाटली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"बस जरा," मास्तर म्हणाले. "तिच्याबद्दल सांग अजून काहीतरी."

खिळ्या बसला. खारूला चित्रं काढायचा नाद लागलाय, हे त्याने सांगितलं. इस्पितळातल्या नर्सना ती टोपणनावं देते, त्यांतली सांगण्यासारखी दोन सांगितली. मास्तर ऐकत होते आणि मध्येच, "बरोबर, धाकटीवर गेलीय," असं म्हणत होते. खालून हातोडीचे ठोके यायला लागले.

"सुट्टीच्या दिवशी कामाला लागला," वकील भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "म्हणजे विषय संपला."

ठोके थांबेनात. मास्तर कान देऊन ऐकत राहिले. एवढं आयुष्य या आवाजात गेल्यावर माणसाला काय ठोकलं जातंय ते ऐकूनच कळतं. त्यांनी नुसती मान हलवली. दुपार कलल्यावर खिळ्या निघायला उठला तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या दाराने जाऊ नकोस. मागच्या अंगणातून जा."

मागच्या अंगणात दुकानाची गाडी उभी होती. सोफे पोचवायची, मागच्या सीटा काढून टाकलेली, दोन्ही बाजूंना काचा असलेली व्हॅन. तिची मागची दारं सताड उघडी होती. आत एका जुन्या दिवाणाचा सांगाडा बोल्ट लावून बसवलेला होता. त्यावर नवे पट्टे ताणले होते, स्प्रिंगा बांधल्या होत्या, निम्म्यावर जाड फोम आला होता. बाजूला धरायला कठडा, आणि आडवं झोपलेल्याला बांधायला मऊ कापडात गुंडाळलेले दोन रुंद पट्टे. खाली फरशीवर दादाची खुर्ची पडली होती. तिचं पोट फाडलेलं होतं आणि आत काही उरलं नव्हतं.

तिच्यातल्या स्प्रिंगा कुठे गेल्या ते खिळ्याला लगेच दिसलं. दिवाणाच्या ज्या अंगाला बांधलेला पाय येणार होता तिथे.

दादा आत गुडघ्यांवर बसून पट्टा ओढत होता. एका हाताने पट्टा ताणायचा आणि दुसऱ्याने ठोकायचा, हे काम दोघांचं. त्याने वर पाहिलं. त्याला खिळ्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ज्याच्यामार्फत सांगावं असं आसपास कोणी नव्हतं. दादाने इकडेतिकडे पाहिलं, मग नुसता खिळ्यांचा डबा पुढे सरकवला.

खिळ्या चपला काढून आत चढला. कारखान्यात हवेच्या दाबाची बंदूक होती, नुसतं बोट दाबायचं. त्याने कैक वर्षांनी खिळ्यांची मूठ तोंडात टाकली. लोखंडाची ती चव जिभेला लागली आणि जीभ आपोआप कामाला लागली. दादा ताणत गेला आणि खिळ्या ठोकत गेला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

वहिनी चहाचे कप घेऊन मागे आली तेव्हा एक बाजू पुरी झाली होती. तिने फाडलेली खुर्ची पाहिली आणि कप तसेच हातात धरून उभी राहिली.

"बरं झालं आलीस," दादा म्हणाला. "याला सांग, परवा पहाटे तयार राहायचं. गाडी मी चालवणार. परवाही आणि पुढेही. ही वर्षभर अशीच राहील. सोफे पोचवायला भाड्याचा टेम्पो बघू."

"आणि तुमची पाठ?" वहिनीने विचारलं. "आता खुर्चीही नाही."

"गाडीत बसायचंच तर आहे. सोफा उचलायचा नाही."

खिळ्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. "वहिनी, धाकटी ऐकायची नाही. मी मागायला आलो होतो, हे कळलं तर..."

"तिला सांगायला सांग," दादा पट्ट्याकडे बघत म्हणाला, "की कोणी काही मागितलं नाही. माझी भाची आहे, मी घेऊन चाललोय. भांडायचं असेल तर गाडीत जागा आहे. वाटभर भांड म्हणावं."

खिळ्याने खिशातलं पाकीट काढून वहिनीपुढे धरलं. तिने ते परत ढकललं. "डिझेल काय आकाशातून पडणार आहे?"

मग शेवटचा तुकडा बसवायचा राहिला. पायथ्याचा. खिळ्या वाकला आणि त्याने हातानेच माप घेतलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक वीत टाकत. टोकाला पोचल्यावर थांबला. पुन्हा पहिल्यापासून टाकलं. कारखान्यात माप चुकलं की पगारातून जायचं, त्यामुळे त्याची नजर त्या बाबतीत पक्की झाली होती. चूक झाली होती यात शंका नव्हती. आणि ती खपून जाण्यासारखी नव्हती, कारण एवढ्यासाठी गाडीचं मागचं दार लागायला अडणार होतं आणि दाराच्या आतली फळी कापावी लागणार होती.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाला सांगा माप चुकलंय. मी सांगितली ती उंची बरोबर आहे. हे वीतभर जास्त झालंय."

वहिनीने सांगायला तोंड उघडलं. दादाने हात वर करून तिला थांबवलं. हातोडी खाली ठेवली आणि तो खिळ्याकडे वळला. दोघांमध्ये अर्ध्या हाताचं अंतर होतं. इतक्या वर्षांत दादाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तेव्हा त्याचे स्वतःचे लाल झालेले होते.

"पोराची गादी आहे ना ही?" दादा म्हणाला. "वीतभर जास्त ठेवायची असते, हे तुला अजून कितीदा सांगायचं? फळी काप."

खिळ्याने मान डोलावली. शेवटच्या तुकड्याला लागणार होते जेमतेम चार खिळे. त्याने डब्यात हात घातला, आख्खी मूठ भरून घेतली आणि तोंडात टाकली.